ज्वारी राखायला आलेली बाई

ज्वारी दुधात आली की आमच्या घरात सगळ्यांचे आवाज बसत. मायचा आधी बसे, कारण ती घरातून निघतानाच ओरडायला सुरुवात करायची. माझा दोनेक दिवसांनी. भाकरी वाढताना माय घशातून नुसती हवा सोडायची आणि आम्ही समजून घ्यायचो की पिठलं संपलं. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कणसात दाणा भरू लागला, नखानं दाबला की त्यातून पांढरं दूध यायला लागलं, की राघू, चिमण्या, साळुंक्या कुठून कुठून गोळा होतात आणि राखण नसेल तर आठवड्यात शेताचं नुसतं सरमाड उरतं. म्हणून शेताच्या मधोमध चार मेढी रोवून त्यांच्यावर माळा बांधायचा, शिडीनं वर चढायचं आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत गोफण फिरवायची, डबा बडवायचा, हुर्र हुर्र करायचं. आमची जमीन थोडी. बाकी वर्षभर कापूस, सोयाबीन काय देतील ते देतील, पण भाकरी या ज्वारीचीच.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बैलानं ढुसणी दिल्यापासून उजवा खांदा वर नेता येत नव्हता. गोफण तर सोडाच, डोक्याला पटका बांधायलाही त्यांना माय लागायची. आणि माय सकाळी पाखरं हाकून झाली की दिवसभर दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला. राहिले मी. तेव्हा मी परभणीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र. आमच्या घराण्यात कॉलेजचं दार पाहिलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. आबा एकदा फी भरायला आले होते तेव्हा फाटकाबाहेर चपला काढून आत गेले होते. त्या वर्षी मी माळ्यावर पुस्तक घेऊन बसायची. तृणकुळातल्या ज्वारीचं शास्त्रीय नाव पाठ करायची आणि वर मान केली की तीच ज्वारी राघू खात असायचे. माझ्याइतका प्रत्यक्ष अभ्यास आमच्या वर्गात दुसऱ्या कुणाचा झाला नसेल.

पण प्रॅक्टिकल परीक्षेच्या तारखा लागल्या त्या नेमक्या याच दिवसांत. सरांनी वर्गात बजावलं, प्रॅक्टिकलला गैरहजर तो नापास, मग पुढच्या वर्षी भेटू. घरी येऊन मी हे सांगितलं. माय चुलीत फुंकर घालत राहिली. आबा म्हणाले, "वर्स बी एकच हाय अन् ज्वारी बी एकच हाय." त्या रात्री घरात तव्यावर भाकरी उलटल्याचा काय तो आवाज. पुढचं वर्ष मला मिळालं नसतं हे तिघांनाही ठाऊक होतं. एका मुलीला दुसऱ्यांदा शेवटच्या वर्षाला बसवायचं म्हटल्यावर आबा कितीही भले असले तरी भावकीनं त्यांना जगू दिलं नसतं.

तोडगा मामानं आणला. मामा परभणीत गल्लोगल्ली ऑटोतून लसूण विकायचा. त्यानं आपला जुना भोंगा, म्हणजे मोबाईलला जोडायचा मोठा स्पीकर, आमच्या माळ्याला बांधून दिला, वर एक पॉवर बँकही दिली. त्यात त्याचीच आरोळी भरलेली होती. "लसूण घ्याऽ लसूण! गावरान लसूण! ताई या, माई या, आक्का या!" पहिल्या सकाळी पाखरं भुर्रकन उडाली. दुपारपर्यंत ती परत आली आणि संध्याकाळी तर एक साळुंकी भोंग्यावरच बसली. उलट फाट्याकडून दोन बायका पिशव्या घेऊन बांधाबांधानं शेतात आल्या आणि लसूण कुठाय म्हणून मलाच बोलायला लागल्या. "न्हाई तर मंग वरडायला कामून लावलंय?" त्यांचं बरोबरच होतं.

मामा म्हणाला, "सवे, आवाज बदलत राहिला पायजे. रेडू लाव." घरात मला सविता कुणी म्हणत नाही, सवा किंवा सवे. मी मोबाईलवर रेडिओचं अॅप घेतलं. परभणी केंद्र लावावं, म्हणजे आबांना शेतीचा कार्यक्रमही ऐकता येईल, असा माझा विचार. इंग्रजीत नाव लिहायला घेतलं. पहिली तीन अक्षरं होतात न होतात तोच यादीत सगळ्यात वर एक केंद्र आलं, सुरुवात तशीच होती. मी दाबलं.

एक बाई बोलायला लागली. इतकं भराभर, इतकं लाडिक आणि इतकं नाकातून, की आम्ही चौघंही भोंग्याकडे बघत राहिलो. मग पेटीसारखं काहीतरी वाजलं, मग एक माणूस पडसं झाल्यासारख्या आवाजात गायला लागला, मग पुन्हा ती बाई. आणि ती बोलली की शेतातलं एकूण एक पाखरू उठून गावाच्या दिशेनं जायचं. गाण्याला पाखरं फारशी भीत नव्हती, बाईला भ्यायची.

पॅरिस आणि परभणी यांच्यात तीन अक्षरांचं साम्य आहे हे मला त्या दिवशी कळलं. आबांना मी नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, "पॅरिस कुठं आलं? पाथरीच्या पुढं?" लय पुढं, समुद्राच्या पलीकडं, म्हटल्यावर त्यांनी जरा विचार केला. "मंग आपल्या कृषी इद्यापीठाची शाखा आसंल तिथं. पाखरांवर कायतरी काढलंय त्येंनी." बाई बातम्या देत असताना ते हातातलं काम थांबवून ऐकायचे आणि शेवटी मान हलवायचे. पाखरं का उडतात याचंही त्यांचं शास्त्र होतं. "पाखरांला आपली भाषा कळायलीय. आपुन हुर्र म्हणलं की त्येंला कळतंय, ह्यो आबा हाय, ह्येचा हात वर जात न्हाई. हिचं काय बी कळंना म्हणून भ्यायलेत." मी आज शाळेत विज्ञान शिकवते. नवा आवाज ऐकला की पक्षी बिचकतात आणि सरावले की बिचकत नाहीत, असं मुलांना सांगते. पण त्या बाईला आमची पाखरं दिवसेंदिवस का सरावली नाहीत याचं आबांच्यापेक्षा बरं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

अशी मी प्रॅक्टिकलला जाऊ लागले. माय सकाळी अंधारातच शेतात जाऊन आपल्या गळ्यानं पाखरं हाकायची, कारण तेव्हा भोंग्यावर नुसती गाणी असत. दहा-साडेदहाला बाई बोलायला लागली की माय तिच्या हवाली शेत करून कापूस वेचायला जायची. "लय उशिरा उठती बया," ती म्हणायची, "मोठ्या घरची दिसती." दुपारी भाकरी खायला ती माळ्याखाली परत यायची. तिथंच तिला तो शोध लागला. मी संध्याकाळी घरी आले तर तिनं मला दारातच धरलं.

"सवे, ती बाई तुला वळखती?"

"कोणती बाई?"

"आगं, भोंग्यातली! सारखी इचारायलीय, सवा? सवा? अन् एक माणूस फोनवर आसतोय, त्यो बी म्हणतोय, सवा! दोघंबी तुझ्यावरच बोलायलेत."

मला हसू आवरेना. ती मात्र चिडली. दुसऱ्या दिवशी आबांनी मला खुणेनं सांगितलं की मायनं बाईला उत्तर देणं सुरू केलंय. बाईनं 'सवा?' म्हटलं की माय भाकरीचा घास हातात धरून वर बघायची आणि सांगायची, "न्हाई बाई, परभणीला गेली. परीक्षा हाय तिची. येईल पाचच्या गाडीनं." त्या भाषेत त्या दोन अक्षरांचा अर्थ 'कसं काय, बरं आहे ना?' असा होतो आणि उत्तरही त्याच दोन अक्षरांत देतात, हे मी पुढं नोकरी लागल्यावर शोधून काढलं आणि मायला सांगितलं. ती म्हणाली, "मंग त्येच की. तुझं बरं हाय का, म्हणूनच इचारत व्हती."

भांडण निघालं ते किसनतात्यांकडून. किसनतात्या आबांचे चुलतभाऊ, त्यांचं शेत आमच्या बांधाला लागून. दोन्ही मुलं पुण्याला कंपनीत, नातू झाला म्हणून काकू तिकडेच राहिलेली. तात्या एकटे. ते बांधावरून येरझारा घालत डबा बडवून ज्वारी राखायचे. आमच्या बाईनं उठवलेली पाखरं सरळ त्यांच्या रानात उतरायची. एवढ्यावर ते नुसते शिव्या देऊन थांबले असते. पण रोज दुपारी एक गाणं लागायचं. त्यात एक बाई अगदी गळा काढून पुन्हा पुन्हा म्हणायची, "तू झूऽर... तू झूऽर..." त्या भाषेत याचा अर्थ 'नेहमी, सदा' असा होतो हेही मला नंतर कळलं. तात्यांना मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं, मराठीतून.

ते पोलीस पाटलांना घेऊन आमच्या शेतात आले. पोलीस पाटील म्हातारे, कमी बोलणारे, गावातले बांधाचे तंटे त्यांच्याकडेच जायचे. त्या दिवशी मला परीक्षेची सुट्टी होती आणि दुसऱ्या दिवशी वनस्पतिशास्त्राचं शेवटचं, सगळ्यात मोठं प्रॅक्टिकल. मायनं गोवऱ्यांची आगटी पेटवली, कणसं भाजली आणि तळहातावर चोळून गरम हुरडा पाटलांच्या पुढ्यात ठेवला, सोबत तिळाची चटणी आणि गूळ. माळ्यावर बाई बोलतच होती. तात्यांनी हुरड्याला हात लावला नाही.

"पाटील, पाखरांचं जाऊ द्या. पाखरं खाऊन खाऊन किती खातील! पण ती बया मला रोज झूर म्हणायलीय. माझं घर रिकामं, पोरं परगावी, म्हातारी तिकडं, अन् ही माझ्या बांधावर बसून म्हणती, तू झूर! ही करणी न्हाई तर काय हाय? आज भोंगा खाली उतरवा, न्हाई तर उद्या मी फोडतो."

आबा म्हणाले, "तात्या, तिला काय ठावं तुमी कोण?"

"ठावं न्हाई? तुज्या पोरीचं नाव बरं ठावं हाय तिला! वहिनी सोता बोलती तिच्याशी!"

माय आगटीतली कणसं उलटायला लागली. मला दिसत होतं सगळं. भोंगा उतरला की उद्या माळ्यावर मी, आणि परभणीच्या प्रयोगशाळेत माझ्या नावापुढं गैरहजर. पाटलांनी गूळ तोंडात टाकला आणि माझ्याकडे वळले. "पोरी, तू शिकलेली. काय म्हणती ती, सांग. वाईट बोलत आसंल तर उतरवू, चांगलं बोलत आसंल तर राहू देऊ."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबांच्या चेहऱ्यावर तर अभिमान दाटला होता. आता आमची सवा सांगते. भोंग्यातून बाईनं काहीतरी लांबलचक सांगितलं आणि ती खळखळून हसली. मी म्हणाले, "पाटील, मला न्हाई येत ही भाषा. एक अक्षर कळत न्हाई."

तात्यांनी मांडीवर हात मारला. "घ्या! शेवटच्या वर्साला हाय म्हणं! रोज यष्टीनं जायलीय, यायलीय, अन् भोंग्यातलं एक वाक्य सांगता यीना. मंग शिकवतात तरी काय तिथं? आबा, बसव तिला माळ्यावर. तेवढं तरी येतंय तिला."

आबा कधी कुणाला उलटून बोलत नसत. त्यांनी धोतराच्या सोग्यानं हात पुसले आणि म्हणाले, "तिला कळत न्हाई, म्हणूनच धाडायलोय, तात्या. सगळं कळत आसतं तर घरीच बसली आसती, आपल्या दोघांसारखी."

पाटील हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. त्यांनी बोट वर केलं आणि सगळ्यांना गप्प केलं. "थांबा. तिचं तिलाच बोलू द्या." आम्ही पाचजण मान वर करून भोंग्याकडे बघत बसलो. बाई बोलली, थांबली, कुणाचे तरी आभार मानल्यासारखं काहीतरी म्हणाली आणि मग शेवटी सावकाश, अगदी आपलेपणानं दोनच शब्द बोलली. "आ दमाँ." आणि गाणं सुरू झालं.

पाटलांनी बोट खाली घेतलं. "ऐकलं का?"

तात्यांनी कान चोळला.

"आता तर सरळ मराठीत सांगितलं तिनं. दमानं. दमानं घ्या म्हणली."

"दमानं म्हणली खरं," तात्या पुटपुटले. तिथं बसलेल्या कुणालाही यात शंका वाटली नाही आणि खरं सांगायचं तर मलाही वाटली नाही. 'उद्या भेटू' असा त्याचा अर्थ असतो हे आज ठाऊक असूनही, कुणी घाई करायला लागलं की माझ्या तोंडात तेच येतं, बाईच्या सुरात.

पाटलांनी फैसला केला. भोंगा माळ्यावरून काढून बांधावर मेढ रोवून तिच्यावर बांधायचा. घटकाभर तोंड आबाच्या शेताकडं, घटकाभर तात्याच्या. फिरवायचं काम तात्यांचं, कारण ते तसेही बांधावरच असतात. तात्यांनी हुरड्याची पहिली मूठ तोंडात टाकली आणि म्हणाले, "माझी एक अट हाय. ते झूरवालं गाणं लागलं की तोंड आबाकडं."

"चालतंय," आबा म्हणाले, "आमी झुरतो."

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं गेले. प्रयोगशाळेत समोर जास्वंदीचं फूल ठेवलं होतं, त्याचे भाग वेगळे करून दाखवायचे होते. खिडकीबाहेर चिमण्या चिवचिवल्या की माझ्या तोंडून हुर्र निघेल अशी भीती वाटायची. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, गावाकडून येतेस का? हो म्हटलं. ज्वारीचं शास्त्रीय नाव विचारलं. ते मी इतक्या मोठ्यानं सांगितलं की शेजारच्या टेबलावरची मुलगी दचकली. माळ्यावर पाठ केलेलं दुसऱ्या कुठल्या आवाजात मला येतच नव्हतं.

पाचच्या गाडीनं फाट्यावर उतरले आणि कान टवकारले. नेहमी फाट्यापासूनच बाईचा आवाज यायचा. आज बाई नव्हती. पण शेत गप्पही नव्हतं. कुणीतरी ओरडत होतं, पुरुषी आवाजात, आणि ते मराठी नव्हतं. "मेरशी बोकूऽऽ! सिलू पिलेऽऽ! ए ला ला मुसऽऽ!" मी बांधावरून पळतच गेले. आमच्या माळ्यावर किसनतात्या उभे होते. धोतर कमरेला खोचलेलं, डोक्याला टॉवेल, हातात आमची गोफण. ते नाक दाबून, लाडिक आवाजात, तोंडाला येईल ते बोलत होते आणि अधूनमधून गोफणीतून ढेकूळ सोडत होते. दोन्ही शेतांत एकही पाखरू नव्हतं. खाली माय ओच्यात कापूस तसाच धरून बसली होती. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

तिनंच मला सांगितलं. सकाळी बाईचं बोलणं सुरू व्हायच्या आतच रेंज गेली आणि भोंगा गार पडला. तात्यांनी तो हलवून पाहिला, उन्हात ठेवून पाहिला. तोवर राघू दोन्हीकडे उतरले. बांधावरून डबा बडवून एवढं रान राखणं होईना. दोन्ही शेतं एका जागेवरून दिसतात ती आमच्या माळ्यावरूनच. मायनं त्यांना सांगितलं, तुमी ऱ्हाऊ द्या, मी कापसाला सुट्टी करते. तर म्हणाले, "वहिनी, तुमचा आवाज पाखरांला पाठ हाय. बाईचाच लागंल." आणि चढले. सकाळपासून वरच होते. भाकरीसुद्धा मायनं दोरीला बांधून वर पाठवली होती.

आजही मला कुणी विचारलं की तुमच्या शिक्षणाला कुणाकुणाचा हात लागला, तर मी आई-वडिलांचं नाव घेते, मामाचं घेते, सरांचं घेते, आणि मग जरा थांबते. सभेत पुढचं सांगायला बसले तर लोकांना मी थट्टा करते असं वाटेल.

तात्यांना मी दिसले. त्यांनी नाकावरचा हात काढला.

"झाली का गं परीक्षा?"

"झाली, तात्या."

"समदं आलं?"

"समदं आलं."

त्यांनी गोफण गळ्यात अडकवली, माळ्याच्या कडेला आले, एकदा शिडीकडे पाहिलं आणि दोन्ही हातांनी मेढ घट्ट धरली. "मंग आता ती शिडी धर, बाई. चढताना निसते राघू दिसत व्हते. आता जमीन दिसायलीय."

मी एका बाजूनं शिडी धरली, मायनं कापूस खाली टाकून दुसऱ्या बाजूनं. पाटाचं पाणी मोडायला गेलेले आबा आमचा गलका ऐकून धावत आले आणि चांगल्या हातानं तात्यांचा पाय धरून एकेका पायरीवर ठेवू लागले. "दमानं, तात्या, दमानं." तात्या डोळे मिटून उतरत होते. तेवढ्यात मावळतीकडून राघूंचा मोठा थवा आला, दोन्ही शेतांवर एकदम उतरला आणि कणसांना लोंबकळून निवांत खायला लागला. तात्यांनी एक डोळा उघडला. आम्ही चौघांनी तो पाहिला. शिडी सोडून हुर्र करायला कुणीच तयार नव्हतं.